पाटीवरचा नदीचा आकडा

त्या रविवारी पाळकसाहेबांनी नदीबद्दल देवाचे आभार मानले आणि सत्तर माणसांनी नाकाला रुमाल लावून ‘आमेन’ म्हटलं.

उपासना बाहेर घ्यायची कल्पना पाळकसाहेबांचीच. ते नवीन आले होते, वयानं तरुण होते, आणि चष्मा कुठे ठेवला हे सोडून त्यांना सगळं आठवायचं. चर्चची मागची भिंत ओलांडली की दहा पावलांवर नदी. मग सृष्टीवरचं प्रवचन चार भिंतींत कशाला, असं त्यांना वाटलं. बाक उचलून बाहेर मांडले, प्रवचन सुरू झालं आणि वारा फिरला. सडकी अंडी आणि साबणाचं पाणी एकत्र उकळावं तसा वास. पहिल्या बाकावरच्या ऐंशी वर्षांच्या मास्तरीणबाईंना उमासे यायला लागले. पाळकसाहेब तरी नेटानं बोलत होते, “ही नदी म्हणजे देवानं आपल्याला दिलेली देणगी...”

“आणि आपण तिला काय दिलं?” मागून कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांच्या माना वळल्या. बोलली होती बाटलीबाई.

बाटलीबाई हे काही तिचं नाव नव्हे. ती कॉलेजच्या रसायनशाळेत सहायक होती. बावीस वर्षं काचेची भांडी धुवायची, द्रावणं करून ठेवायची, मुलांनी फोडलेल्या नळ्यांच्या काचा वेचायची. तिच्या पिशवीत सदानकदा दोन-चार रिकाम्या बाटल्या किणकिणत. नवीन माणसाला ते नाव ऐकून भलतीच शंका यायची, मग जुने लोक हसत हसत खुलासा करायचे. चर्चमध्ये मात्र ती कधी तोंड उघडत नसे. गीतं म्हणतानाही हिचे नुसते ओठ हलतात, असं तिचा नवराच सांगायचा. त्यामुळे आपण बोललो याचा सगळ्यात मोठा धक्का तिलाच बसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण तोंडातून सुटलेला शब्द काय परत आत जातो?

उपासना संपल्यावर ती काठाशी जाऊन पाण्याकडे बघत उभी राहिली. पाळकसाहेब मागोमाग आले.

“रागावलात का माझ्यावर?”

“तुमच्यावर कशाला रागवू? पण साहेब, ही नदी जिवंत आहे की मेली, हे आपल्यातल्या एकाला तरी ठाऊक आहे का? नुसतं नाक मुरडून ते कळत नाही. उद्या कॉलेज सुटल्यावर औषधं घेऊन येते. तुम्हीही या.”

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर दोघं काठावर भेटले. तिनं बाटली पाण्याखाली तिरकी धरून काठोकाठ भरली, एकसुद्धा बुडबुडा आत राहू न देता. वरून दोन औषधं सोडली आणि बूच लावून बाटली उलटसुलट केली.

“आता गाळ बसेल. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी, नसेल तर पांढरा. मासा काय, शेवाळ काय, सगळं त्याच्यावरच जगतं.”

गाळ बसला. पांढराच म्हणायचा, जेमतेम चहाचा थेंब पडल्यासारखी छटा. मग तिनं आम्ल घातलं, पाणी निळं केलं आणि काचेच्या नळीतून दुसरं औषध थेंबथेंब सोडत राहिली. निळा रंग जिथे पुसला गेला तिथे थांबून तिनं नळीवरची खूण वाचली.

“एक पूर्णांक दोन.”

“किती पाहिजे?”

“माशाला जगायला पाच तरी.”

पाळकसाहेब चष्मा शोधायला लागले. चष्मा कपाळावरच होता. तो त्यांनी खाली ओढला आणि नळीकडे पुन्हा एकदा बघितलं, जणू चष्म्यातून आकडा वाढेल.

“हा आकडा दर रविवारी सगळ्यांना दिसला पाहिजे,” ते म्हणाले.

व्यासपीठाशेजारी गीतांच्या क्रमांकांची लाकडी पाटी होती. तिच्या चार खाचांपैकी शेवटची नेहमी रिकामी असायची, कारण चौथं गीत म्हणेपर्यंत लोकांना भूक लागायची. पुढच्या रविवारी त्या खाचेत नदीचा आकडा लागला. मास्तरीणबाईंनी गीतपुस्तक पुढून मागून चाळलं आणि शेजारणीला खणखणीत आवाजात विचारलं, “एक पूर्णांक दोन हे कुठलं गं गीत? मला तर पाठ नाही!”

सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबांनी आकडा काय आहे ते सांगितलं, आणि हसू तिथेच विरलं.

दीड महिना आकडा सव्वाच्या आसपास घुटमळत राहिला. लोक आत आल्या आल्या आधी पाटी बघायला लागले. आणि मग, असल्या वेळी होतं तसंच झालं. हे केलं कुणी, याचा शोध सुरू झाला. फार शोधावं लागलं नाही. नदीच्या वरच्या अंगाला, चालत दहा मिनिटांवर, कापड रंगवायचा कारखाना होता. बाटलीबाईनं कारखान्याच्या वरचं पाणी तपासलं तर सहा पूर्णांक एक. चर्चपाशी एक पूर्णांक दोन. आणखी पुरावा काय पाहिजे?

अडचण एवढीच होती, की त्या कारखान्याचा मुकादम चर्चच्या गायकवृंदात होता. त्याला सगळे रंगमास्तर म्हणत. आठवडाभर कारखान्यात कुठला रंग चालला ते त्याच्या नखांवरून कळायचं. त्याचा आवाज असा खर्जातला, की तो एक रविवार आला नाही तर गाणं पाया काढलेल्या भिंतीसारखं डुगडुगायचं. आता त्याच्याशी कुणी धड बोलेना. तो आला की बाकावरची माणसं उगाच पुस्तकात डोकं घालायची.

पंचमंडळानं ठरवलं, पुढच्या रविवारी उपासना झाली की सगळ्यांनी मिळून कारखान्यावर चालत जायचं. बाटलीबाईनं आधी उभं राहून आकडे वाचून दाखवायचे. मास्तरीणबाईंनी फलक रंगवला, ‘आमची नदी परत द्या’. अक्षर शाळेतल्या फळ्यासारखं, काना-मात्रा चोख.

आकडे वाचून दाखवायचे म्हटल्यावर बाटलीबाईची झोप उडाली. चारचौघांत बोलायची भीती होतीच, पण मोठी भीती होती चूक निघण्याची. वरचा आकडा आहे, खालचा आहे, मधल्याचं काय? कारखाना संपतो तिथून चर्चच्या भिंतीपर्यंतचं पाणी तिनं तपासलंच नव्हतं. शनिवारी दुपारी ती चर्चच्या भिंतीपासून शंभर पावलं वरच्या अंगाला गेली, बाटली भरली, औषधं सोडली. गाळ चांगला तपकिरी बसला.

तीन पूर्णांक चार.

तिनं पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा. तीन पूर्णांक चार, तीन पूर्णांक तीन, तीन पूर्णांक चार. म्हणजे कारखान्यानं नदीचा निम्मा श्वास घेतला होता, हे खरं. पण उरलेला शंभर पावलांत कोण घेत होतं? त्या शंभर पावलांत ना दुकान, ना घर. फक्त चर्चची भिंत आणि चर्चचं सभागृह. सभागृहात स्वयंपाकघर, सहा संडास, आणि आठवड्याचे सातही दिवस कसला ना कसला कार्यक्रम.

तिनं कॉलेजातून गळती शोधायचा हिरवा रंग आणला आणि नवऱ्याला सभागृहात पाठवलं. नवऱ्याचं मोटारी गुंडाळून देण्याचं दुकान होतं. पंख्याच्या, पंपाच्या, गिरणीच्या जळलेल्या मोटारी तो पुन्हा फिरत्या करायचा. ती स्वतः भिंतीमागच्या काटेरी झुडपात उभी राहिली. दोघं फोनवर.

“टाकला का हो?”

“टाकला.”

“पाणी सोडलं?”

“सहाही ठिकाणी सोडलं. शनिवारची दुपार, आणि माणूस एकेका संडासात जाऊन नुसतं पाणी ओढतोय. राखणदार माझ्याकडे कसा बघतोय, तुला कल्पना आहे?”

तिच्या पायाजवळच्या झुडपाखालून हिरवंगार पाणी नदीत उतरत होतं.

घरी आली तेव्हा मामंजी अंगणात खुर्चीचा निखळलेला पाय बसवत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे तिचे सासरे. सगळं आयुष्य गवंडीकामात गेलेलं, हाताची बोटं अजून विटेसारखी टणक. चर्चचं ते सभागृह त्यांनी बांधलं होतं, एक दिवसाची मजुरी न घेता. दारावरच्या दगडात त्यांचं नाव होतं. मंडळीत त्यांचा शब्द खाली पडत नसे.

ती त्यांच्यासमोर पायरीवर बसली आणि सगळं सांगितलं. तीन आकडे, हिरवा रंग, झुडूप.

मामंजींनी हातोडी खाली ठेवली. “पाइप दिसला?”

“तोंड दिसलं. नऊ इंची असावा.”

“सहा इंची आहे,” मामंजी म्हणाले. “भाजलेल्या मातीचा. तीन जोड आहेत.”

त्यांनी खुर्चीचा पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

“एकेचाळीस वर्षं झाली,” शेवटी ते म्हणाले. “सभागृह उघडायची तारीख ठरलेली, पाहुण्यांना पत्रं गेलेली. मैल्याच्या टाकीसाठी खड्डा घेतला तर चार फुटांवर काळा खडक लागला. मी म्हटलं, तात्पुरता पाइप काढू नदीत. कार्यक्रम झाला की खडक फोडू. सूनबाई, तात्पुरतं म्हणून केलेल्या कामाचं आयुष्य सगळ्यात मोठं असतं बघ. आधी घाई होती, मग आळस झाला, मग लाज वाटायला लागली. वर झुडूप वाढलं तेव्हा मला बरंच वाटलं.”

आत स्वयंपाकघरात नवऱ्यानं तिला गाठलं. “उद्या वाचू नकोस. निदान हे तरी वाचू नकोस. म्हाताऱ्या माणसाची भर चर्चमध्ये लाज काढणार का? सोमवारी पाळकसाहेबांना सांग, गुपचूप दुरुस्त करू.”

“आणि उद्या रंगमास्तराच्या दारात फलक घेऊन जाऊ? त्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला, आपलं मुसळ तसंच ठेवून?”

तिला आपल्या बोलण्याचा आनंद झाला नाही. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत.

रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. फलक भिंतीला टेकवून ठेवलेला. रंगमास्तर गायकवृंदात बसलाच नव्हता. तो दाराजवळच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होता, नखं निळी, चेहरा दगडासारखा. उपासना संपली आणि पाळकसाहेब म्हणाले, “आता आपल्या भगिनी आकडे वाचून दाखवतील.”

बाटलीबाई उठली. तिनं कागदाची घडी उलगडली. तिनं तोंड उघडायच्या आत पुढच्या बाकावरून काठीचा टकटक आवाज आला.

“तू बस,” मामंजी म्हणाले. “आकडे तुझे, पण काम माझं आहे.”

ते चालत व्यासपीठापाशी गेले. वर चढले नाहीत, पायरीखालीच उभे राहिले.

“कारखान्याच्या वर सहा पूर्णांक एक,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. “कारखान्याच्या खाली तीन पूर्णांक चार. आपल्या भिंतीपाशी एक पूर्णांक दोन. म्हणजे कारखाना घाण करतो, आणि आपणही जवळजवळ तेवढीच करतो. आपल्या सभागृहाचा सगळा मैला एकेचाळीस वर्षं नदीत जातोय. तो पाइप मी टाकला. मला माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी त्याच नदीकाठी बसून मी नाकाला रुमाल लावला. देवाची माफी मी रात्रभर मागितली. तुमची आत्ता मागतो. आणि ज्याच्या दारात आपण आज जाणार होतो, त्या माणसाची सगळ्यात आधी.”

बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटी आतपर्यंत ऐकू आली. बाटलीबाईच्या नवऱ्यानं मान खाली घातली होती. ती उठून मामंजींच्या शेजारी जाऊन उभी राहिली, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग रंगमास्तर उठला. तो आता निघून जाणार, असंच सगळ्यांना वाटलं. त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

“कुदळी कुठे ठेवल्यात?” त्यानं विचारलं.

त्या दिवशी मोर्चा निघाला तो चर्चच्या मागच्या अंगणात. सभागृहाचं पाणी तिथल्या तिथे बंद केलं, पाइपाच्या तोंडात सिमेंट भरलं. मास्तरीणबाईंनी फलक उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘संडास बंद आहेत. घरूनच जाऊन या.’ दोन महिने तो फलक दारावर होता. त्या दोन महिन्यांत पाळकसाहेबांची प्रवचनं वीस मिनिटांवर आली, आणि कित्येकांच्या मते मंडळीतली खरी सुधारणा तीच.

चार फुटांवर खडक लागला. त्याला लागायचंच होतं, तो कुठे गेला होता? पण या वेळी तारीख नव्हती, पाहुणे नव्हते, आणि माणसं साठ होती. मामंजी खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसायचे आणि काठीनं खडकावर रेघ दाखवायचे. त्या रेघेवर वीतभर अंतरानं भोकं पाडायची, भोकांत पोलादी पाचरी उभ्या करायच्या आणि एकेका पाचरीवर एकेक घाव, ओळीनं, घाई न करता. शिंपी, नर्स, बँकेतला कारकून, पाळकसाहेब, सगळ्यांच्या हातांना फोड आले. तीन शनिवार नुसते घाव चालले. खडक ढिम्म.

चौथ्या शनिवारी मामंजींनी अचानक हात वर केला. “थांबा. आवाज बदलला. ऐका.” रंगमास्तरानं मधल्या पाचरीवर हलकेच घण टेकवला. खरंच, खणखण जाऊन बदबद आली होती. “आता एकच. पूर्ण ताकदीनं.”

घण पडला. जाड कापड फाटावं तसा आवाज झाला आणि खडक या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ उभा चिरला. क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. मग असा काही आरडाओरडा झाला की पलीकडच्या रस्त्यावरची माणसं भिंतीवरून डोकावली. पाळकसाहेबांनी चक्क उडी मारली आणि त्यांचा चष्मा खड्ड्यात पडला. मामंजी खुर्चीतून उठले नाहीत. दोन्ही तळहातांत तोंड धरून बसले, आणि खांदे हलत होते ते हसण्यानं की रडण्यानं, हे सुनेनं जवळ जाऊन बघितलं नाही.

तीन कप्प्यांची टाकी झाली. टाकीतून निथळणाऱ्या पाण्यासाठी खाली खडी-वाळूचा लांब वाफा झाला, आणि त्यात मास्तरीणबाईंनी गोळा केलेल्या बायकांच्या पलटणीनं लव्हाळी लावली. मुळांतून गाळून पाणी शेवटच्या खड्ड्यात मुरायचं. पाटीला खाली आणखी दोन खाचा जोडल्या आणि तिच्यावर आता नदीचे तीन आकडे लागायला लागले. वरचा, मधला, खालचा. खालचा आकडा सव्वावरून दोनवर आला, दोनवरून तीन पूर्णांक तीनवर चढला, आणि तिथे अडला. अडणारच. वरून येणाऱ्या पाण्यातच जास्त नव्हतं.

कुणीच रंगमास्तराकडे बघितलं नाही. तेच त्याला जास्त झोंबलं असावं. खणताना एकदा त्यानं बाटलीबाईला सांगितलं होतं, कारखान्यातही पाणी शुद्ध करायची टाकी आहे, पण तिच्यात हवा घुसळणारी मोटर दोन वर्षांपूर्वी जळली. तेव्हापासून रोज सकाळी व्हॉल्व्ह उघडून रंगाचं पाणी तसंच नदीत सोडतात. व्हॉल्व्ह उघडायचं काम त्याचं.

एका सोमवारी त्यानं तो उघडला नाही.

पुढच्या रविवारी कारखान्याच्या मालकीणबाई चर्चमध्ये आल्या. साठीच्या, ताठ कण्याच्या, वडिलांनंतर कारखाना एकटीनं चालवलेल्या. चर्चची पायरी त्या आयुष्यात पहिल्यांदा चढत होत्या. उपासना संपेपर्यंत त्या पाटीकडे बघत बसल्या, मग उठून थेट तिच्यासमोर गेल्या.

“हा मधला आकडा माझा का?”

“तुमचा,” मामंजी म्हणाले. “आणि खालचा आमचा. तीन महिन्यांपूर्वी आमचा तुमच्यापेक्षा वाईट होता. बसा ना.”

“बसायला नाही आले. माझ्या माणसाला काम नाकारायला तुम्ही शिकवलंत?”

“मला कुणी शिकवलं नाही, बाईसाहेब,” रंगमास्तर गायकवृंदातून खाली उतरला. “माझ्या दारात फलक घेऊन यायच्या ऐवजी या लोकांनी स्वतःचं अंगण खणलं. मीही खणलं. त्याच हातानं आता तो व्हॉल्व्ह उघडवत नाही. कामावरून काढायचं तर काढा.”

“सत्तावीस वर्षं झाली तुला. कोण काढतंय?” मालकीणबाईंचा आवाज किंचित खाली आला. “मला काय हौस आहे? ती मोटर बनवणारे म्हणतात, जुनी दुरुस्त होत नाही, नवी घ्या, आणि नवी यायला आठ महिने. तोवर काय कुलूप लावू?”

तेवढ्यात मधल्या बाकावरून एक हात वर आला. शाळेत पोरानं करावा तसा. बाटलीबाईचा नवरा.

“जळलेली मोटर टाकून तर नाही ना दिली?”

“पडलीय कोपऱ्यात. का?”

“गुंडाळून देतो. नऊ-दहा दिवस लागतील. मोठी असेल तर तुमची चार माणसं लागतील उचलायला.”

मालकीणबाईंनी त्याच्याकडे आणि मग पाटीकडे बघितलं. “दहा दिवस रंगाची कामं बंद,” त्या म्हणाल्या. “माणसं बसून राहणार नाहीत, तोवर टाकीतला गाळ काढतील. आणि अकराव्या दिवशी मोटर फिरली नाही, तर मी पुन्हा येईन इथे.”

“तशाही या,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

मोटर नवव्या दिवशी फिरली. नवऱ्याच्या दुकानातून ती ट्रकवर चढवताना रस्ता अडला होता, आणि तो मुलीची पाठवणी करावी तसा शेवटपर्यंत तिच्या अंगावरून फडकं फिरवत होता.

त्यानंतरचे रविवार लोक अजून सांगतात. प्रवचनापेक्षा पाटीची वाट जास्त. बाटलीबाई येऊन लाकडी आकडे खाचेत सरकवायची आणि सगळं चर्च श्वास रोखून धरायचं. तीन पूर्णांक नऊ. चार पूर्णांक दोन. एकदा घसरून तीन पूर्णांक आठ, तेव्हा रंगमास्तर उपासना सोडून कारखान्यात धावला आणि तुंबलेली जाळी साफ करून आला. मग चार पूर्णांक सात. आणि ज्या दिवशी तिनं खालच्या ओळीत पाच लावला, पुढे पूर्णांक एक, त्या दिवशी पाळकसाहेब काही बोलायच्या आत मास्तरीणबाईंनी गाणं सुरू केलं. ते पाटीवर नव्हतंच. खर्जातला आवाज खालून येऊन मिळाला, मग सगळे उठले. बाटलीबाईच्या नवऱ्यानं शेजारी बघितलं. तिचे नुसते ओठ हलत नव्हते, आवाजही येत होता. बेसूर होता, पण होता.

वर्ष पुरं होत आलं तेव्हा सात जणांना बाप्तिस्मा द्यायचा होता. त्या चर्चची रीत पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यायची, आणि आतल्या फरशीच्या हौदातच तो व्हायचा. पाळकसाहेबांनी विचारलं, “हौदात की नदीत?” सगळ्यांच्या नजरा एकाच बाकाकडे गेल्या.

“श्वास पुरेसा आहे,” बाटलीबाई म्हणाली. आता तिला उभं राहायला भीती वाटत नव्हती. “पण जंतूंची तपासणी झाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. देवावर माझा विश्वास आहे. नाकातोंडात पाणी जातं त्याचंही बघायला पाहिजे.”

अहवाल यायला आठवडा लागला. पाळकसाहेबांनी आठवड्यात चार वेळा फोन केला. अहवाल चांगला आला. तरी तिनं आणखी एकदा तपासून घेतला, आणि मगच हो म्हणाली.

त्या सकाळी नदीच्या दोन्ही काठांवर माणसं होती. चर्चची होती तशी कधीच चर्चमध्ये न आलेलीही. कारखान्यातल्या सगळ्या पाळीला मालकीणबाईंनी दोन तासांची सुटी दिली होती आणि स्वतः छत्री घेऊन उभ्या होत्या. तळातले गोटे दिसत होते. पाळकसाहेबांनी या वेळी चष्मा दोरीनं मानेला बांधला होता. त्यांना आधार द्यायला पाण्यात कोण उतरणार, तर मामंजी. डॉक्टर नको म्हणाले, मुलगा नको म्हणाला, सुनेनं फक्त त्यांची काठी हातात घेतली.

पहिली उतरली रंगमास्तराची मुलगी. पाळकसाहेबांनी तिला मागे झुकवलं, मामंजींनी विटेसारख्या टणक हातानं तिची पाठ तोलली. ती पाण्याखाली गेली आणि वर आली, केसांतून पाणी निथळत, डोळे चोळत, मोठ्यानं हसत. तिच्या गुडघ्यांजवळून बोटभर लांबीच्या माशांचा एक थवा सपकन वळून गेला. ते बघून पलीकडच्या काठावरून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. एकामागून एक सातही जण झाले. प्रत्येकाच्या वेळी तोच जल्लोष, आणि सातव्याच्या वेळी सगळ्यात मोठा.

मामंजी पाण्यातून बाहेर येत होते तेव्हा खालच्या गावातले दोघं तिघं पुढे आले. त्यांच्यातली एक बाई चाचरत म्हणाली, “आम्ही खाली दोन वळणांवरच्या चर्चमधून आलोय. आमच्याही मागे एक पाइप आहे. कुणाला सांगायचं, कळत नव्हतं.”

मामंजी नखशिखांत भिजलेले. दात वाजत होते, पण चेहरा असा उजळला होता की त्यांची सून पुढे कितीतरी दिवस तोच चेहरा आठवत राहिली.

“किती इंची?” त्यांनी विचारलं. मग सुनेकडे वळून म्हणाले, “सूनबाई, कोरडा सदरा आण. आणि बाटल्या घे. आत्ताच बघून येऊ.”

ती दोघं त्या पाहुण्यांबरोबर काठाकाठानं खाली निघाली. मागून रंगमास्तर कुदळ खांद्यावर टाकून आला, त्याला कुणी बोलावलंही नव्हतं.